मदत हवी आहे : कोलेस्टेरॉलच्या गोळीने हृदयाचे अनियमित ठोके टळतात का?

रानजाई :
वडील, वय ६८, वजन ८१ किलो, उंची १६५ सेंमी. रक्तदाब आणि मधुमेह आहे. गेल्या महिन्यात ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके), म्हणजे एएफ निघाले. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४२. सध्या रक्त पातळ करणारी अपिक्साबॅन ५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, ठोके मंदावणारी मेटोप्रोलॉल ५० आणि नव्याने कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन गटातली अटोर्व्हास्टॅटिन ४०. नातेवाईक म्हणतात, स्टॅटिनने ठोकेही ताळ्यावर येतात, मग रक्त पातळ करायची गोळी कशाला?
१) यात तथ्य किती?
२) गरज पडली तर ठोके नियमित ठेवणारे अमिओडॅरोन देऊ, असे डॉक्टर म्हणाले आहेत. ते स्टॅटिनबरोबर चालते का?

कवडसा :
आधी एकच गोष्ट : अपिक्साबॅन बंद करू नका. एएफमध्ये पक्षाघाताचा धोका गुणांनी मोजतात : वयाचा १ गुण, रक्तदाबाचा १, मधुमेहाचा १, असे वडिलांचे ३ गुण होतात. पुरुषांत २ किंवा जास्त गुण असले की ही गोळी द्यायची, असा नियम आहे. एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात, डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साकळते आणि तिथली गुठळी सुटून मेंदूत जाऊ शकते. ती गुठळी स्टॅटिन थांबवत नाही. डोसही आपल्या मनाने निम्मा करू नका. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, यांतल्या दोन गोष्टी जुळल्या तरच २.५ मिग्रॅ देतात.

नातेवाइकांचा समज मात्र हवेतून आलेला नाही. कप्प्यांच्या भिंतीतली सूज आणि तिथे वाढणारे तंतू एएफला पोसतात, आणि स्टॅटिन सूज कमी करते. २००६ साली इटलीतल्या आर्मिडा-३ चाचणीत २०० जणांपैकी एका गटाला हृदयशस्त्रक्रियेच्या ७ दिवस आधीपासून अटोर्व्हास्टॅटिन ४० दिले. त्यांच्यात एएफ ३५ टक्क्यांना झाले, बिनऔषधाच्या गोळीवर ठेवलेल्यांत ५७ टक्क्यांना. एवढा फरक पाहून कोणीही हुरळेल.

मग २०१६ साली बीजिंगमधल्या चाचणीचा निकाल आला. १,९२२ रुग्ण, रोसुव्हास्टॅटिन २० मिग्रॅ. एएफ स्टॅटिन घेणाऱ्यांत २१.१ टक्के, बिनऔषधाच्या गोळीवर २०.५. म्हणजे फायदा नाहीच. उलट स्टॅटिन घेणाऱ्यांत शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडाला इजा जास्त जणांना झाली. लहान चाचणीत पाचदहा रुग्ण इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी उड्या मारते, आणि चांगला निकाल लवकर छापून येतो. शस्त्रक्रियेबाहेरही तेच चित्र आहे : लहान, थोड्या मुदतीच्या चाचण्यांत फायदा दिसला, मोठ्या आणि लांबलेल्या चाचण्या एकत्र केल्यावर तो उरला नाही.

तरीही अटोर्व्हास्टॅटिन घ्यायचेच आहे. मधुमेह आणि १४२ एलडीएल, हे कारण पुरेसे आहे.

सोनटक्का :
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. अमिओडॅरोन यकृतातली काही औषधे मोडण्याची वाट अडवते, म्हणून स्टॅटिन रक्तात साचते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. स्टॅटिन म्हणून सिम्व्हास्टॅटिन चालू असेल तर अमिओडॅरोनसोबत ते दिवसाला २० मिग्रॅच्या वर नको. सोबत डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल (रक्तदाब आणि ठोक्यांची औषधे) असेल तर सिम्व्हास्टॅटिन १० च्या वर नको. अटोर्व्हास्टॅटिनवर परिणाम कमी होतो, पण ४० च्या पुढे जायची वेळ आली तर डॉक्टरांना रोसुव्हास्टॅटिनबद्दल विचारा. त्याचा मार्ग वेगळा आहे.

अमिओडॅरोन सुरू करण्याआधी टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि यकृताच्या चाचण्या करून घ्या, नंतर दर ६ महिन्यांनी. एसजीपीटी (यकृताची एक चाचणी) वाढले तर दोष कुठल्या गोळीचा, हे आधीचा आकडा असल्याशिवाय कळत नाही. हे औषध बंद केल्यावरही कित्येक आठवडे शरीरात राहते, तेव्हा 'आता तर थांबवले' म्हणून स्टॅटिनचा डोस लगेच वाढवू नये. मांड्या-खांद्यांत दोन्ही बाजूंनी दुखणे, जिना चढताना ताकद न पुरणे, लघवी चहासारखी गडद होणे : यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्तचाचणी) तपासा. पपनसातली द्रव्ये अटोर्व्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन दोन्ही वाढवू शकतात. एखादी फोड चालेल, रोज ग्लासभर रस नको.

मोरपंखी :
जोडप्रश्न. ज्यांची बायपास ठरली आहे त्यांनी स्टॅटिन थांबवायची का?

कवडसा :
नाही. आधीपासून चालू असलेली सुरूच ठेवायची. फक्त एएफ टाळण्यासाठी शस्त्रक्रियेच्या तोंडावर नव्याने सुरू करून उपयोग नाही. बायपासनंतरचे एएफ बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी होते आणि मेटोप्रोलॉलसारखी गोळी अचानक बंद झाली की धोका वाढतो. भरती होताना चालू औषधांची यादी लिहून द्या, रात्री तोंडी सांगितलेले सकाळी पोचेलच असे नाही.

रानजाई :
खूप आभार. ठोके नियमित राहायला मग काय करता येईल? एका दुकानदाराने ओमेगा-३ च्या कॅप्सूल सुचवल्या आहेत.

सोनटक्का :
त्या स्वतःहून मुळीच सुरू करू नका. दिवसाला ४ ग्रॅम ओमेगा-३ देणाऱ्या मोठ्या चाचण्यांत एएफ वाढले, कमी झाले नाही. वडिलांचा बीएमआय ३० च्या जवळ आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या अभ्यासात ज्यांनी वजन १० टक्के घटवून टिकवले, त्यांच्यात ठोके नियमित राहण्याची शक्यता सुमारे सहापट होती. वडिलांसाठी ते ८ किलो, सावकाश. दारू घेत असतील तर बंद. घोरणे मोठे असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर झोपेची तपासणी करा. त्यावर उपचार न करता नुसत्या गोळ्या वाढवल्या की एएफ परत येत राहते. रक्तदाब घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून ती वही पुढच्या भेटीला न्या.