मशीनवर १६८, लॅबमध्ये १४९

बी-२०४ काका: मंडळी, सकाळी उपाशीपोटी घरच्या मशीनवर साखर १६८ आली. लगेच जाऊन लॅबमध्ये रक्त दिलं, तिथं १४९. आता खरं कुठलं धरायचं ओ?

ए-१०३ दादा: मशीन टाका रंकाळ्यात 😄

सी-३०१ वहिनी: दादा, रंकाळ्यात काय कमी टाकतात व्हय लोक! काका, मशीन चांगलं आहे तुमचं. आमच्या लॅबमध्ये रोज कुणीतरी हेच विचारतंय. साखर १०० च्या वर असली की घरच्या मशीनची शंभरातली ९५ रीडिंग लॅबपेक्षा १५ टक्के इकडे-तिकडे चालतात, आयएसओचा, म्हणजे मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा, नियमच आहे तसा. १४९ ला १२७ ते १७१. बसतंय की १६८ त्यात.

बी-२०४ काका: आणि परवा एकदम २३१?

बी-२०४ काकू: मी सांगते. गुळाची ढेप फोडत बसले होते. हात नुसता टॉवेलला पुसला आणि टोचलं.

सी-३०१ वहिनी: झालं मग! थेंब केवढासा, त्यात बोटावरचा गूळ. आकडा चढणारच. साबणानं धुवायचं आणि नीट कोरडं करायचं, ओल्या बोटानं रक्त पातळ होऊन कमी दाखवतं. बोट पिळत बसायचं नाही.

ए-४०२ ताई: आमच्या सासूबाईंची जेवणानंतरची मशीनवर कायम जास्तच येते.

सी-३०१ वहिनी: येणारच ताई. जेवल्यावर बोटातल्या रक्तात साखर शिरेतल्यापेक्षा जास्त असते. उपाशीपोटी फरक थोडा. लॅबचंही सगळं सोवळं नसतं हं, नमुना तसाच पडून राहिला तर रक्तपेशी साखर खातात, तासाला ५ ते ७ टक्के. म्हणून साखरेला करड्या टोपणाची ट्यूब, त्यात पेशींचं हे खाणं रोखणारं रसायन असतं.

सेक्रेटरी: गेटसमोरची पांढरी गाडी कुणाची? टँकर उभा आहे.

ए-१०३ दादा: काढतो काढतो. वहिनी, स्ट्रिपा पावसाळ्यात फ्रीजमध्ये ठेवू काय?

सी-३०१ वहिनी: नको. त्यांच्याच डबीत, झाकण गच्च. दमट हवा लागली की बिघडतात.

बी-२०४ काका: त्यापेक्षा तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ती एचबीएवनसी तपासणीच करतो.

सी-३०१ वहिनी: करा, पण अंगात रक्त कमी असलं तर तीही फसवते, डॉक्टरांना सांगून ठेवा. आणि एका आकड्यावर गोळी वाढवायची नाही. ७० च्या खाली गेली, घाम-थरथर सुटली तर मात्र लॅब-मशीन करत बसू नका. शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत टोचा.

बी-२०४ काकू: ऐकलासा? त्या २३१ वर अर्धी गोळी जादा घेणार होते. मी पाकीट तांदळाच्या डब्यात घातलं.

बी-२०४ काका: तरीच सापडंना!