यॉर्कशायरचा पार्किन: जुन्या वहीतली रेसिपी उलगडायला मदत हवी आहे

धुक्यातलं_गाव:
नमस्कार मंडळी, आम्ही लीड्सजवळ राहतो. शेजारच्या आजींनी (ऐंशीच्या पुढच्या, पक्क्या यॉर्कशायरच्या) त्यांच्या आईची रेसिपीची वही माझ्याकडे दिलीये. आता त्यांचे हात थरथरतात, ओव्हनची कामं होत नाहीत, पण ५ नोव्हेंबरला बॉनफायर नाइटला घरचा पार्किन (ओट्स आणि ट्रीकल घातलेला आल्याचा केक) खायचाच आहे त्यांना. विकतचा आणून दिला तर म्हणाल्या हा नुसता आल्याचा केक झाला, ह्यात ओट्स कुठेत? वहीत एवढंच आहे: ८ औंस मैदा, ८ औंस मीडियम ओटमील, ८ औंस ट्रीकल (साखर करताना उरणारा काळा, कडवट पाक), ४ औंस लार्ड (डुकराची चरबी), ४ औंस ब्राउन शुगर, १ अंडं, २ चमचे सुंठ, १ चमचा सोडा, १ गिल दूध, रेग्युलो ३. संपलं, कृतीची एक ओळ नाही! गिल म्हणजे किती, रेग्युलो काय प्रकार आहे, घरात पॉरिजचे ओट्स आहेत ते चालतील का आणि लार्ड आमच्याकडे आणत नाहीत तर बटर घातलं तर? पुढच्या पानांवर ‘ड्राइड एग’, ‘मार्ज’ (मार्गरीन) असलं बरंच आहे, एका केकमध्ये चक्क गाजर. जाणकारांनी प्लीज सांगा, मला त्यांना त्यांच्या घरची चव द्यायचीये.

ब्रॅडफर्डकर:
अगं किती छान काम हातात घेतलंयस! रेग्युलो म्हणजे आपला गॅस मार्क, गॅसच्या ओव्हनवरचा तापमानाचा आकडा, १९२३ मध्ये इथल्या गॅसच्या ओव्हनला थर्मोस्टॅट आला त्याचं ते नाव, त्याआधी कोळशाच्या भट्टीत हात घालून अंदाज घ्यायचे. ३ म्हणजे साधारण १६० डिग्री, फॅन असेल तर १४० ठेव. ८ औंस म्हणजे २२५ ग्रॅम. गिल कागदोपत्री पाव पिंट म्हणजे १४२ मिली, पण इकडे उत्तरेत अर्ध्या पिंटालाही गिल म्हणायची पद्धत होती, म्हणून आधी १४० च घाल आणि मिश्रण बघ, इडलीच्या पिठाहून जरासं सैल हवं. आणि अमेरिकन साइटवर हिशोब करू नकोस, त्यांचा पिंट ४७३ मिलीचा, इथला ५६८ चा.

पॉरिजचे ओट्स चपटे केलेले असतात, ओटमील म्हणजे ओट्सचा रवा. मोठ्या दुकानात मिळतो तोच आण, नाहीच मिळाला तर मिक्सरला एकदोनदा फिरव पण पीठ नको करूस, दाताखाली कण लागला पाहिजे. बटर बिनधास्त घाल.

पातेलं वजनकाट्यावर ठेवून ट्रीकल थेट त्यातच ओत, चमच्याने मोजायला गेलीस तर अर्धं चमच्यालाच चिकटून बसतं. त्यात बटर आणि साखर घालून मंद आचेवर फक्त विरघळव, उकळी नको. कोमट झालं की अंडं, दूध, मग कोरडं सामान. ट्रीकल थोडं आंबट असतं, सोडा त्याच्याशी लगेच कामाला लागतो त्यामुळे मिसळलं की थेट ओव्हनमध्ये, तासभर तरी लागेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच दिवशी खायचा नाही! ताजा पार्किन कोरडा आणि कडक लागतो. कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, ट्रीकल ओलावा धरून ठेवतं, चारपाच दिवसांत मऊ आणि वरून चिकट होतो. २९-३० ऑक्टोबरलाच करून टाक.

ओवी_आणि_ओट्स:
ब्रॅडफर्डकरांना अनुमोदन. ह्या लोकांचं घरचं बेकिंग म्हटलं की आपल्याला क्रीमचे केक आठवतात, पण पार्किनसारख्या गोष्टींत त्या मुलखाची शेती दिसते. उत्तरेच्या थंड, ओल्या हवेत गहू नीट यायचा नाही, ओट्स यायचे, म्हणून यॉर्कशायर-लँकशायरच्या गरीब घरांत तेच पीठ. मला तर वाटतं ओट्स काढले की पार्किन उरतच नाही, आजी बरोबर बोलल्या. लँकशायरवाले गोल्डन सिरप (साखरेचा सोनेरी पाक) जास्त घालतात, त्यांचा फिकट आणि गोड असतो, यॉर्कशायरच्याला तो काळा कडवटपणा हवाच. आणि गाय फॉक्स खुद्द यॉर्कचा, १६०५ च्या संसद उडवून द्यायच्या कटातला, त्याच्याच रात्री म्हणजे बॉनफायर नाइटला पार्किन खातात.

सोडा आणि बेकिंग पावडरचंही बघा, त्याआधी केक फुगवायचा तर यीस्ट नाहीतर हात दुखेपर्यंत अंडी फेटणं. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८४३ मध्ये बेकिंग पावडर केली ती बायकोला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून, आणि दोनच वर्षांनी ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सने सेल्फ रेझिंग पिठाचं (फुगवणारी पावडर आधीच मिसळलेल्या मैद्याचं) पेटंट घेतलं. साध्या घरातल्या बाईला रोजच्या रोज केक करता यायला लागला तो ह्यामुळे.

केतकी_यूके:
काकवी घातली तर चालेल का ट्रीकलऐवजी? इकडे इंडियन दुकानात मिळते.

ब्रॅडफर्डकर:
केतकी, एरवी कर, छान लागेल, पण ह्या आजींसाठी नको. काकवीत तो कडवटपणा येत नाही, त्यांना पहिल्याच घासाला कळेल.

जुनीपानं:
ड्राइड एग आणि गाजर म्हणजे ती पानं युद्धातली किंवा लगेच नंतरची. रेशनिंग जानेवारी १९४० ला सुरू झालं ते १९५४ पर्यंत, म्हणजे युद्ध संपल्यावरही नऊ वर्षं! माणशी आठवड्याला एक अंडं, तेही मिळालं तर, बटर बहुतेक वेळा २ औंस, साखर ८ औंस. अंड्याची पावडर अमेरिकेहून यायची, गाजर गोडीसाठी. १९४० मध्ये केकवर आयसिंग करायलाच बंदी आली, तेव्हा लग्नात छोट्या केकवर पुठ्ठ्याचा मोठा केक झाकण म्हणून ठेवायचे. एवढ्यात ज्या बाईने घरात काहीतरी गोड होत राहील असं बघितलं तिची वही आहे ही, प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. आणि आजींना आत्ताच विचारा कुठली रेसिपी कधी व्हायची, कारण वहीत ते कुठेच लिहिलेलं नसणार.

धुक्यातलं_गाव:
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद! ओटमील आणि ट्रीकल आणलं. आजींना गिलचं विचारलं तर त्यांनी शेल्फवरचा एक चिनी मातीचा कप दाखवला, आई ह्यानेच मोजायची म्हणे. पाणी भरून मोजलं, दीडशेच्या आसपास भरतंय. गुरुवारी करते.