भंगारात निघालेल्या जहाजाच्या डोलकाठ्या उभ्या कशा?

मांडवीकाठ: माझ्या बाबांनी तीस वर्षं बार्ज चालवली, आमोण्याहून मुरगावला खनिज. २०१२ला खाणी थांबल्या आणि बार्ज धक्क्याला गंजत पडली, शेवटी भंगारात गेली. परवा त्यांना मोबाइलवर इंग्लिश चित्रकार टर्नरचं ‘द फायटिंग टेमेरेर’ हे चित्र दाखवलं. त्यात टग, म्हणजे वाफेची छोटी ओढबोट, एका जुन्या लढाऊ जहाजाला तोडायला ओढत नेतेय. चष्मा कपाळावर चढवून फोन नाकाशी धरला. म्हणाले, “तोडायला नेतात तर डोलकाठ्या कशाला ठेवल्या? आणि टगचं धुराडं काठीच्या पुढं?” मग बराच वेळ गप्प. “नदीत वर चाललंय ते. सूर्य पाठीमागं आहे.” टर्नरला जहाजातलं कळत नव्हतं का?

रंगलेप, फोंडा: तुमच्या बाबांची नजर पक्की आहे. सप्टेंबर १८३८मध्ये टेम्स नदीच्या मुखाजवळच्या शियरनेसहून लंडनच्या रॉदरहाइथला ओढत नेलं तेव्हा डोलकाठ्या आधीच उतरवलेल्या होत्या, टगही दोन होते. पण टर्नरनं जन्मभर समुद्र रंगवला, त्याला कळत नव्हतं असं नका म्हणू. १८०५ला ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईत लढलेलं ९८ तोफांचं जहाज त्याला बोडकं दाखवायचं नव्हतं. धुराडं पुढं घेतल्यामुळं तो तांबूस धूर मागं वळून थेट फिकट डोलकाठ्यांवर येतो, तेवढा भाग मोठा करून बघा. पुढं या चित्राचं एन्ग्रेव्हिंग, म्हणजे पत्र्यावर कोरून छापलेली प्रत, झालं, त्यात कारागिरानं धुराडं आणि काठी जागच्या जागी केली. मला ते निर्जीव वाटतं. सूर्याभोवती रंग जाड थापलाय, जहाजावर मात्र पातळ, जणू ते आत्ताच विरायला लागलंय. हे चित्र त्यानं विकलं नाही, मरेपर्यंत स्वतःजवळ ठेवलं.

वास्कोकर: सूर्याचं वेगळं आहे. मांडवीत वर जायचं म्हणजे पूर्वेला, त्यामुळं मावळतीचा सूर्य पाठीशीच. टेम्स उलटी, समुद्राला पूर्वेकडं मिळते. रॉदरहाइथला जाताना सूर्य समोर हवा. बाबांनी चित्र आपल्या नदीवरून वाचलं.

मांडवीकाठ: दोघांचेही आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, “म्हणजे त्यानं सूर्य मुद्दाम मागं ठेवला. आमची नेली तेव्हा भर दुपार होती.” आणि फोन परत मागून घेतला.