सल्ला हवा: पेशी विभाजनाला कधी सुरुवात करते, हे कुठून वाचायला घेऊ?

निळीशाई: पदव्युत्तर वर्गात आहे. वाढीचा सिग्नल पेशीत पुढे पोहोचवणाऱ्या प्रथिनांची रास, राफ, मेक, अर्क ही साखळी तोंडपाठ आहे. पण 'मग पेशी नेमकी कधी ठरवते?' असं कुणी विचारलं की गाडी अडते. कुठून सुरुवात करू?

सूक्ष्मदर्शी: साखळी बाजूला ठेवा आणि आर्थर पार्डी यांच्या १९७४ च्या शोधनिबंधापासून सुरुवात करा. त्यांनी मांडलेला 'रिस्ट्रिक्शन पॉइंट', म्हणजे विभाजनाचा निर्णय पक्का होतो तो बिंदू, समजला की बाकीचं आपोआप जागेवर बसतं. जी-वन, म्हणजे डीएनएची प्रत काढण्याआधीच्या टप्प्यातल्या पेशींचं सीरम (वाढीचे सिग्नल देणारा रक्तातला द्रव) काढून घेतलं, तर या बिंदूच्या अलीकडच्या पेशी थांबतात. पलीकडे गेलेल्या पेशी मात्र सीरम नसतानाही डीएनएची प्रत काढून विभाजन पुरं करतात.

आता हे का होतं ते शोधत उलटं मागे चला. ई-टू-एफ हे प्रथिन डीएनएची प्रत काढायला लागणारी जनुकं चालू करतं, पण आरबी हे दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं. सायक्लिन डी हे प्रथिन आणि सीडीके ४ व ६ ही एन्झाइमं मिळून आरबीवर फॉस्फेट चढवतात, तेव्हा पकड ढिली होते. सुटलेलं ई-टू-एफ सायक्लिन ई बनवून घेतं. सायक्लिन ई मग सीडीके २ सोबत आरबीवर आणखी फॉस्फेट चढवतं. चक्र स्वतःच स्वतःला पुढे ढकलू लागलं की बाहेरच्या सिग्नलची गरज संपते. मला तरी या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते.

निळीशाई: मग अर्कचं काम कुठे येतं?

सूक्ष्मदर्शी: सायक्लिन डी बनवण्यात. ते फार टिकत नाही, अर्ध्या तासाच्या आसपास निम्मं संपतं. म्हणून अर्कचा सिग्नल क्षणभर येऊन भागत नाही, काही तास टिकावा लागतो. दुसऱ्या वाटेने एकेटी हे प्रथिन, सायक्लिन डी नष्ट व्हायला लावणाऱ्या जीएसके-३ या एन्झाइमला आवरतं, त्यामुळे सायक्लिन डी लवकर नष्ट होत नाही. एक वाट बनवते, दुसरी जपते. दोन्ही एकाच कागदावर हाताने काढून बघा.

पेशीवेडी: वरच्या उत्तरात एक भर. बिंदू ओलांडला म्हणजे पेशी कशानेच थांबत नाही, असं समजू नका. डीएनएला इजा झाली तर पी-५३ हे प्रथिन पी-२१ या दुसऱ्या प्रथिनाला वाढवतं आणि पी-२१ सीडीकेंना रोखतं. शिवाय एकेक जिवंत पेशी तासन् तास पाहिल्यावर दिसलं, की काही पेशींचा निर्णय आईपेशीतच झालेला असतो. एवढं लक्षात ठेवून पार्डी वाचा.

जुनाप्रयोगवाला: पेशीचक्रावर काम करणाऱ्या हार्टवेल, हंट आणि नर्स यांची २००१ ची नोबेल व्याख्यानं नोबेलच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. हंट यांचं आधी वाचा. समुद्री साळूच्या अंड्यांत एक प्रथिन साठत जातं आणि प्रत्येक विभाजनाला नाहीसं होतं, हे त्यांना १९८२ मध्ये दिसलं. सायक्लिन हाती लागलं ते तिथे.

निळीशाई: आज पार्डी, उद्या हंट. आरबीचं चित्र काढून इथे टाकते, चुका दाखवा.