रिश्टरच्या ‘केज’ चित्रांत संगीत आहे, की फक्त नावात आहे?

कुडाळचा कलाशिक्षक

परवा आठवीच्या वर्गात मी गेरहार्ड रिश्टर या जर्मन चित्रकाराची सहा चित्रं प्रोजेक्टरवर दाखवली. २००६ सालची, प्रत्येक चित्र साधारण तीन मीटर लांब आणि तेवढंच रुंद. राखाडी, हिरवट, मध्येच पिवळा, कुठे खरवडून वर आलेला पांढरा. माणूस नाही, झाड नाही, काही नाही. ही चित्रं करताना रिश्टर अमेरिकन संगीतकार जॉन केजचं संगीत ऐकत होता, म्हणून मालिकेचं नाव ‘केज’. एवढं सांगून होतंय तोच मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “सर, मग ह्यात गाणं खंय आसा?”

प्रश्न सोपा नाही आणि मुलीला खरं उत्तर मिळायला हवं, म्हणून इथे मांडतो.

माझं मत असं, की गाणं चित्रावर दिसत नाही. ते चित्र घडतं त्या वेळेत असतं. रिश्टर ओल्या रंगावरून भली लांब पट्टी दाबून ओढतो. वरचा थर फरफटत जातो आणि खालचा कुठे उघडा पडेल ते त्याच्या हातात राहत नाही. मग तो थांबतो, बघतो, राहू द्यायचं की पुन्हा ओढायचं ते ठरवतो. केजचीही रीत हीच. १९५१ पासून तो ‘ई चिंग’ या चिनी ग्रंथाच्या आधाराने नाणी टाकायचा आणि येईल तो स्वर घ्यायचा. आपल्याकडे देवाला कौल लावतात, तसा हा सुरांचा कौल. आपली आवडनिवड बाजूला ठेवून जे येईल ते स्वीकारायचं, हे रिश्टरने केजकडून घेतलं. सूर नव्हे, वृत्ती घेतली. माझ्या लेखी हीच खरी प्रेरणा.

गणपतीशाळा, मालवण

मास्तरांनू, माका ह्या पटना नाय.

मी चित्रकार नाही, पण रंगाचं काम वडिलांच्या हाताखाली शिकलो. आषाढ लागला की आमच्या शाळेत, म्हणजे गणपती घडवायच्या कारखान्यात, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मूर्ती चालतात आणि मोबाईलवर डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, सुरू असते. बुवांनी गजर घेतला की माझा हात पितांबरावर झरझर चालतो, हे खरं. पण म्हणून त्या पितांबरात गजर उतरला असं मी कुणाला सांगणार नाही. भजन सोबतीला असतं, झोप उडवायला असतं. सोबत वेगळी आणि प्रेरणा वेगळी.

आणि डोळे रेखायची वेळ आली की मी भजन बंद करतो. वडीलही करायचे. दोन केसांचा ब्रश, वरच्या पापणीची रेघ एका श्वासात, पुन्हा हात लावायचा नाही. मूर्तीचा जीव त्या रेघेत असतो आणि त्या वेळी शाळेत फक्त पावसाचा आवाज असतो. जिथे खरी कला आहे तिथे गाणं नको होतं, हा माझा अनुभव आहे.

रिश्टरने तेव्हा रेडिओवर बातम्या लावल्या असत्या तर चित्रांना ‘बातम्या’ नाव दिलं असतं काय?

कुडाळचा कलाशिक्षक

तुम्ही भजन बंद करता, म्हणजे ते हातावर चालून येतं हे तुम्हालाच माहीत आहे. नुसती सोबत असती तर डोळे रेखताना चालू राहिलं म्हणून काय बिघडलं असतं? तुमची रेघ आवाज ऐकते म्हणून तर तुम्ही तिला आवाजापासून सांभाळता.

रत्नागिरीकरीण

मी मालवणकरांच्या बाजूने. आपल्याकडे रागमाला, म्हणजे रागांना रूप देणाऱ्या चित्रांची एवढी मोठी परंपरा आहे आणि त्या चित्रकारांनी बघणाऱ्याला वाऱ्यावर सोडलं नाही. तोडी रागिणी म्हटलं की वीणा घेतलेली एकटी बाई आणि सुरांना भुलून जवळ आलेली हरणं. मेघ म्हटलं की काळे ढग. १९११ साली म्युनिकमध्ये संगीतकार शोनबर्गची मैफल ऐकून चित्रकार कांदिन्स्कीने जे चित्र काढलं, त्यातही पिवळ्या रंगाचा लोट येतो आणि पियानोचा काळा आकार चक्क ओळखू येतो. चित्रकाराने कानाने घेतलेलं डोळ्यांना परत दिलं.

रिश्टर काय देतो? त्याची १९९२ सालची, संगीतकार बाखच्या नावाची ‘बाख’ ही चार चित्रं स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहेत. तीही पट्टी ओढूनच केलेली. ‘बाख’ची पाटी ‘केज’ला लावली आणि ‘केज’ची ‘बाख’ला, तर किती जणांना कळेल? बाखच्या संगीतात एकेक सूर बांधलेला, केजच्या संगीतात सुटलेला. इतकी दोन टोकांची संगीतं, आणि चित्रांवरून फरक सांगता येत नसेल, तर संगीत पाटीवरच राहिलं.

पखवाजवाला, देवगड

पाटीचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण रागमालेतसुद्धा कितीतरी चित्रांवर रागाचं नाव लिहिलेलं असतं. नाव झाकलं तर हरणांवरून तोडी ओळखणारा जाणकारच लागतो आणि त्यालाही ती खूण आधी शिकावी लागलेली असते. सूर तिथेही ऐकू येत नाही.

मला वेगळं सांगायचं आहे. केज हा कुणी परका माणूस नव्हे. १९४६च्या सुमारास अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. केजने त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवलं आणि त्यांनी केजला हिंदुस्थानी. संगीत कशासाठी, असं त्याने विचारलं तेव्हा त्यांनी आपल्या गुरूंचं सांगणं त्याला सांगितलं: मन शांत आणि निवळ करण्यासाठी, म्हणजे त्यात दैवी प्रभाव उतरू शकेल. केज हे पुढे जन्मभर सांगत राहिला. आणि गीताबाई वाजवायच्या काय, तर पखवाज! पखवाज हाती घेणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. हे वाचलं त्या दिवशी मला रियाजाला बसवेना, इतका आनंद झाला.

त्याच काळात केज पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे अडकवून वाजवायचा. आपण पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावतो ती कशासाठी? भिजवलेल्या कणकेचा गोळा तिथे थापायचा, बोटाने कडेला पातळ करत न्यायचा, थाप मारून ऐकायची, जास्त झाली तर खरवडून काढायची, पुन्हा थाप. पावसाळ्यात आमच्याकडे हवा इतकी ओली की चामडं सैल पडतं आणि हा खेळ अर्धा तास चालतो. लावायचं, ऐकायचं, खरवडायचं. गुरुजींनी रिश्टरचं जे वर्णन केलं आहे ते वाचताना मला माझी धुमाच दिसली. म्हणून माझं मत कलाशिक्षकांकडे झुकतं. संगीत म्हणजे कानावर पडतं तेवढंच नव्हे. ते हाताचं वळण आहे आणि हाताचं वळण रंगात उतरू शकतं.

गणपतीशाळा, मालवण

कणकेचं फार आवडलं, खरंच. पण कणीक लावून झाल्यावर तुम्ही वाजवता, आणि समोरच्याच्या कानावर काहीतरी पडतं. रिश्टर खरवडून थांबतो. थाप कुठे आहे?

पिंगुळीजवळून

थाप आमच्याकडे आहे. पिंगुळीच्या ठाकर मंडळींची चित्रकथी बघा, कुडाळपासून हाकेच्या अंतरावर. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं, पाठीला पाठ लावून चिकटवलेले कागद, त्यांची पोथी. वीणा, टाळ आणि हुडुक हे छोटं चर्मवाद्य घेऊन कथेकरी गातो आणि प्रसंग पुढे सरकला की पान उलटतो. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली ती याच कलेच्या जपणुकीसाठी. लहानपणी मी चित्रकथी ऐकली ती समईच्या उजेडात. पानावरचा मारुती जागचा हलत नाही, पण हुडुक घुमला की तो उडाल्यासारखाच वाटायचा. नंतर तेच पान काचेमागे टांगलेलं पाहिलं तेव्हा मला ते मुकं वाटलं आणि वाईट वाटलं.

म्हणून मला इथल्या दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. गाणं चित्रात शोधायचंच कशाला? चित्राशेजारी गाणं उभं राहू द्या. रिश्टरनेही पुढे तेच केलं. १९९०चं आपलं एक चित्र घेऊन त्याने त्याच्या उभ्या पट्ट्या पाडल्या: २, ४, ८, १६ असं दुप्पट करत ४०९६ पर्यंत, आणि प्रत्येक पट्टी आरशात धरल्यासारखी उलटसुलट जोडली. स्टीव्ह राइश या संगीतकाराने त्याच हिशेबावर संगीत बांधलं आणि २०१९ साली न्यूयॉर्कमध्ये चित्रं आणि वाद्यवृंद एकाच दालनात आले. पखवाजवाले, ही तुमची दुगुन-चौगुनच, दुप्पट-चौपट लयच, की नाही? तिथे कुणाला पाटी वाचावी लागली नसेल.

रत्नागिरीकरीण

हे मला पटतं. पण मग ‘केज’ची ती सहा चित्रं दालनात शांततेत का टांगायची? केजचं संगीत लावा ना शेजारी. तोवर माझा आक्षेप कायम.

कुडाळचा कलाशिक्षक

शांततेबद्दल एकच सांगतो. केजची १९५२ सालची एक रचना आहे, ४ मिनिटं ३३ सेकंदांची. पियानोवादक बसतो आणि एकही सूर वाजवत नाही. दालनातली खुर्ची करकरते, बाहेर वारा येतो, ते ऐकायचं. त्या माणसाच्या नावाच्या चित्रांसमोर शांत उभं राहणं मला तरी विसंगत वाटत नाही. मालवणकरांच्या शाळेतला पावसाचा आवाज वाचला तेव्हा मला पहिली तीच रचना आठवली.

पिंगुळीला मात्र मी वर्ग घेऊन जाणार. हे मला आधी सुचायला हवं होतं.

गणपतीशाळा, मालवण

पिंगुळीहून परतताना, नाहीतर श्रावणात कधीही, त्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना घेऊन आमच्या शाळेत या. एकाच साच्यातल्या दोन मूर्ती ठेवतो. एकीचे डोळे भजन लावून रेखीन, एकीचे बंद करून. कुठली कुठली ते तिने ओळखायचं. वडिलांच्या माघारी मी भजन चालू ठेवून डोळ्याला हात घातलेला नाही, तेव्हा पहिली मूर्ती कशी उतरेल ते मला आत्ता सांगता येणार नाही.