मदत हवी आहे: मोहाखालचा पाला, वणवा आणि ग्रामसभेचा ठराव

नमस्कार मंडळी. गाव गडचिरोली जिल्ह्यात. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून वणवा पेटला की दोष गावावर. माझे आजोबा आधी झाडाभोवती पट्टा झाडून स्वच्छ करायचे, पहाटे दवात पेटवायचे, राख गार होईपर्यंत जागचे हलायचे नाहीत. ही शिस्त आता सुटलीय, याचं फार वाईट वाटतं.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. यंदा जाळरेषा (वणवा पुढे सरकू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) कुठे काढायच्या ते वनरक्षक आणि जुन्या जाणत्यांना एकत्र बसवून ठरवायचंय. कुणी केलंय का असं? ठरावात काय लिहिलंत? आणि मोहाखाली जाळी बांधली तर पाला न जाळता भागतं का? फुलं गळायला लागायच्या आत कळवा.