भाचीला जिभेला पिअर्सिंग करायचंय, पण हृदयाच्या झडपेला गळती आहे. माहिती हवी

नमस्कार मंडळी,

माझी भाची पुण्यात शिकते, आमच्याकडेच कोथरूडला राहते. वय २०. जिभेला पिअर्सिंग करायचं तिने मनावर घेतलंय. मला तिला सरसकट अडवायचं नाही. गुपचूप करून येण्याऐवजी ती मला विचारतेय, याचंच मला मोल वाटतं. तेव्हा कृपया संस्कारांवर चर्चा नको. माझी काळजी वेगळी आहे.

लहानपणी तिला संधिवाताचा ताप येऊन गेला. तेव्हा टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या मायट्रल झडपेला थोडी गळती निघाली. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन अजून चालू आहे. आता सिंहगड न थांबता चढते, त्यामुळे तिच्या लेखी तो विषय संपलाय.

तोंडात जंतू कायमच असतात. जिभेला भोक पाडलं की ते रक्तात जाऊ शकतात. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा त्याचं काही होत नाही, पण झडप आधीच दुखावलेली असेल तर जंतू तिथे ठाण मांडू शकतात. हाच तो एन्डोकार्डायटिस, आणि तो जिवावर बेतू शकतो. शिवाय जखम भरायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणजे प्रश्न फक्त टोचण्याच्या दिवसाचा नाही. भाची म्हणते, "मावशी, मला पेनिसिलिन चालूच आहे ना, मग इन्फेक्शन कसं होईल?" पण ते इंजेक्शन संधिवाताचा ताप उलटू नये म्हणून असतं. तोंडातल्या जंतूंपासून झडप वाचवायला ते पुरत नाही. हे तिला माझ्या तोंडून पटत नाहीये.

एफसी रोडजवळच्या एका स्टुडिओत आम्ही दोघी चौकशी करून आलो. माणसं नीट बोलली. सुई एकदाच वापरतो, पाकीट तुमच्यासमोर फोडू म्हणाले, उपकरणं वाफेने निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्हही दाखवला. पण फॉर्मवर नाव, वय, फोन, सही, बस्स. हृदयाचा आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अ‍ॅलर्जी, कशाचाच रकाना नाही. मी झडपेचं सांगितलं तर उत्तर आलं, "दोन दिवस अँटिबायोटिक घ्या, काही होत नाही." हे मला अजिबात पटलं नाही. दागिना सर्जिकल स्टीलचा होता. त्यात निकेल असतं, आणि हिचे कान तर खोट्या कानातल्यांनीही चिघळतात. विचारल्यावर टायटॅनियमचा मागवून देऊ म्हणाले.

आमच्या दातांच्या डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. पहिले काही दिवस जीभ सुजते, म्हणून दागिन्याची दांडी मुद्दाम लांब घालतात. सूज उतरली की ती बदलून आखूड घालायची असते. बरेच जण ते करत नाहीत. मग दांडीच्या टोकाची धातूची गोळी दातांवर आपटत राहते, दातांच्या कडा उडतात, खालच्या पुढच्या दातांमागची हिरडी सरकते. सरकलेली हिरडी आपोआप परत वर येत नाही. सूज जिभेखाली, गळ्याकडे उतरायला लागली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर सकाळची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठायची, हेही त्यांनी बजावलं.

तुमच्यापैकी कुणाला किंवा घरात कुणाला झडपेचा त्रास असताना पिअर्सिंगबद्दल कार्डिऑलॉजिस्टना विचारलंय का? ते काय म्हणाले? थोड्या गळतीलाही सरळ नाहीच म्हणतात का? जिभेऐवजी नाकात चमकी घालायला ती निम्मी तयार आहे. त्यात धोका खरंच कमी असतो की माझीच समजूत? आणि आधीपासून आजार विचारून घेणारा, गरज पडली तर डॉक्टरांची चिठ्ठी मागणारा स्टुडिओ पुण्यात कुणी स्वतः पाहिलाय का?

पुढच्या आठवड्यात इकोचे जुने रिपोर्ट घेऊन तिला डॉक्टरांकडे नेतेय. तिथे आणखी काय विचारून घेऊ, तेही सुचवा.